डोळे कुणी आखले?

(कुडाळ येथे चित्रकलेच्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या पालकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

‘चित्रकलेत मुलींचं करिअर’ असा विषय तुम्ही पत्रिकेत छापलाय. त्याकडे येतेच. पण समोर वेंगुर्ल्या-मालवणच्या मुली आणि त्यांच्या आया बसल्यात, म्हणून आधी सहीबद्दल बोलते. आपल्याकडच्या बाईचा हात, नजर, रंगाची जाण, काही म्हणता काही कमी नाही. तिची सही तेवढी कुठे दिसत नाही.

गणपतीची शाळा घ्या, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. नागपंचमीच्या सुमाराला घरोघरचे पाट येऊन पडतात, मागे खडूनं आडनावं घातलेले. लग्नाआधी बरीच वर्षं मी आमच्या वाडीतल्या शाळेत रेखणी करायचे. पीतांबराची किनार झाली, दागिन्यांवर सोनेरी मारून झालं, की शेवटी डोळे. वरच्या पापणीची रेघ आतल्या कोपऱ्यातून बाहेर एका दमात ओढायची; मध्ये ब्रश उचलला की जोड दिसलाच. आणि बुबुळ अगदी मधोमध ठेवायचं नाही, किंचित खाली घ्यायचं. मूर्ती बसते उंचावर आणि माणूस बसतो जमिनीवर, त्याला वाटलं पाहिजे ना देव आपल्याकडे बघतोय! हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लोकांच्या घरी आरतीला गेल्यावर खाली बसून बघत राहायचे, त्यातून कळलं.

मूर्ती न्यायला आलेली माणसं म्हणायची, ‘यंदा डोळे काय आखलेत!’ शाबासकी मालकांना. मी तिथेच, रंगाच्या वाट्या धूत. एका वर्षी मी एका मूर्तीच्या मागच्या बाजूला, पाटाजवळ, बारीक अक्षरात माझं नाव घातलं. मालकांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं. ‘देवाच्या कामाक नाव कित्याक व्हया गो?’ दारावर त्यांच्या नावाचा बोर्ड होता, फोन नंबरासकट. (हशा.) हसा, पण मला तेव्हा हसू आलं नव्हतं आणि आजही येत नाही. मातीकाम करणाऱ्या बाप्याला मजुरी, आणि मला त्याच्या निम्मे पैसे, तेही ‘हातखर्चाला’ म्हणून. पेणच्या कारखान्यांत जाऊन बघा, रंगकामाला किती बायका बसलेल्या असतात. त्यातल्या किती जणींची नावं गिऱ्हाइकाला माहीत असतात?

आणि चित्रात मात्र आपण भरपूर! चित्रकार बी. प्रभांच्या कोळणी बघितल्यात ना? नसतील तर आज घरी जाऊन मोबाइलवर बघा. लांब मानेच्या, टोपल्या घेतलेल्या, दमलेल्या. त्या काढणारी बाई समुद्रकाठची नव्हे, नागपूरकडच्या खेड्यातली. तिनं आपल्या बायकांकडे नीट बघितलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. मुंबईचं जे. जे. स्कूल, चित्रकला शिकवणारं, 1857 सालचं. तिथे शिकून व्यवसायात उतरलेल्या सुरुवातीच्या बायकांत अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद. दोघींचेही वडील चित्रकार, दोघांनीही जे. जे.त शिकवलेलं. म्हणजे त्यांना दार घरातून उघडं होतं. आपल्या मुलींना ते कोण उघडणार? इथे बसलेल्या आयांना मी हे मुद्दाम विचारतेय. मुलगी एलिमेंटरी, इंटरमिजिएट देते ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर! हे बघून माझा जीव तुटतो.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. मग भराभर सांगते.

शिक्षण: बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, राज्याची सीईटी असते, बारावीच्या वर्षातच तयारीला लागा. मुंबईच झेपेल असं नाही. चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे. शाळेत शिकवायचं असेल तर एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका. पगार सुरू झाला तरी स्वतःचं काम बंद करू नका.

दर: रंग-कॅनव्हासचा खर्च, लागलेले तास, फ्रेम, गाडीभाडं, सगळं धरा. ‘घरातलंच काम आहे’ म्हणणाऱ्यालाही पावती द्या.

कायदा: हे लक्ष देऊन ऐका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कुणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट त्याच्याकडे जातो. हॉटेलवाल्यानं तुमचं चित्र उद्या मेनूकार्डावर छापलं तर तुम्ही काय करणार? पण ‘हे मी केलंय’ हे सांगण्याचा अधिकार, कलम 57 चा, हक्क विकले तरी तुमचाच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं उतरवून गोदामात टाकलं होतं. ते भांडले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्प परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई. सरकारकडून!

हॉल सोडायचाय, कळलं. वह्या काढा. काम घ्यायच्या आधी कागदावर हे लिहून समोरच्याची सही घ्यायची: ‘चित्राचा कॉपीराइट चित्रकर्तीकडे राहील. चित्र जिथे लावाल किंवा छापाल, तिथे तिचं नाव द्याल.’ झालं लिहून? मागच्या रांगेत ऐकू आलं का? पुन्हा सांगते.