नाटक मंडळाचा पीसी आणि सी ड्राइव्हचं फॉरमॅट

(दृश्य: टेबलावर पीसी, बाजूचं झाकण काढलेलं)

हा पीसी फोंडा तालुक्यातल्या एका नाटक मंडळाचा. गोव्यात देवळाचा उत्सव म्हटला की मराठी नाटक आलंच, आणि नाटक आलं की पार्श्वसंगीताचे ट्रॅक, बॅनर, वर्गणीच्या पावत्या, टाइप केलेली संहिता, सगळं ह्या एकाच मशीनवर. त्यात पेन ड्राइव्ह साउंडवाला, बॅनर छापणारा, कुणाकुणाकडे फिरून येतो त्याला हिशेबच नाही.

आता स्क्रीन बघा. प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय? म्हणजे हे फोल्डर नाहीतच, शॉर्टकट आहेत. क्लिक केलं की आतलं सगळं नीट उघडतं म्हणून कुणाला संशय येत नाही, पण त्याच क्लिकला मागे व्हायरसची एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, चालू होते आणि पुढे जो पेन ड्राइव्ह लावाल त्याच्यावर जाऊन बसते.

मंडळाने हे मशीन आधी एकदा फॉरमॅट करून आणलेलं. थोड्याच दिवसांत बाण परत हजर. का, तर दुकानात फक्त सी ड्राइव्ह, म्हणजे हार्ड डिस्कचा विंडोज असलेला भाग (पार्टिशन), फॉरमॅट केला, आणि डी मध्ये डाटा आहे म्हणून डी तसाच ठेवला, आणि व्हायरस बसलेला डी मध्येच. नवंकोरं विंडोज, डी उघडला, डबल क्लिक, झालं कल्याण. आपल्याकडे फॉरमॅट म्हणजे एवढंच समजतात आणि मला खरा राग ह्याचाच येतो. वर ते पण क्विक फॉरमॅट, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे ती यादी तेवढी नवी करायची, फायली जागच्या जागी. घराचा नंबर पुसला म्हणून आतली माणसं उठून जात नाहीत.

(दृश्य: काळ्या स्क्रीनवर आकडे, क्लोजअप)

हा शॉट जरा थांबून बघा. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, पेन ड्राइव्हवरून चालू केलीय, हार्ड डिस्कवरचं काहीच चालत नाहीये. हा डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे पहिला छोटा कप्पा, ५१२ बाइट. त्यातले सुरुवातीचे ४४६ बाइट म्हणजे मशीन चालू होताना पहिल्यांदा चालणारा कोड, मग पार्टिशनचा तक्ता, आणि शेवटी ही ५५ एए अशी खूण. सी फॉरमॅट केला तर ह्या सेक्टरला हातसुद्धा लागत नाही, कारण तो कुठल्याच पार्टिशनमध्ये नसतो. व्हायरस लिहिणाऱ्यांना ही जागा जुनी ओळखीची. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच, म्हणजे पहिल्याच सेक्टरमध्ये, बसायचा, मूळ सेक्टर दुसरीकडे हलवायचा आणि ती जागा खराब म्हणून दाखवायचा. मंडळाच्या मशीनवर इथे काही सापडलं नाही, पण पुसायचंच आहे तर इथपासून पुसायचं.

त्याआधी डाटा. कॉपी करताना कॅमेरा चालू नव्हता, म्हणून एवढंच दाखवतो: हा बिननावाचा फोल्डर. व्हायरसने खऱ्या फायली ह्याच्यात ढकलून लपवल्या होत्या, लिनक्समध्ये त्या आपोआप दिसल्या. त्यातलं गाणी, फोटो, पीडीएफ, संहिता एवढंच उचललं. शॉर्टकट, एक्सई (चालणारे प्रोग्राम), स्क्रिप्ट काही नाही, अगदी "हे आमचं बॅनरचं सॉफ्टवेअर आहे हो" म्हटलं तरी नाही.

(दृश्य: संहितेचं पान स्क्रीनवर, मागे मंडळाचे काका)

आता मुख्य काम. विंडोजचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या, चांगल्या मशीनवर बनवलाय, बाधा झालेल्या मशीनवर बनवायचा नाही. सेटअप सुरू झाला की शिफ्ट आणि एफ१०, काळी खिडकी येते, तिच्यात आज्ञा टाइप करायच्या. डिस्कपार्ट. लिस्ट डिस्क. इथे श्वास घ्या आणि आकार वाचा: ४६५ जीबी ती हार्ड डिस्क, १४ जीबी तो आपला पेन ड्राइव्ह. डाटा कॉपी केलेली डिस्क आधीच काढून कपाटात ठेवलीय, ती लागलेली असली आणि नंबर चुकला तर संपलं. सिलेक्ट डिस्क शून्य, मग क्लीन ऑल. नुसतं क्लीन म्हटलं तर फक्त पार्टिशनची माहिती जाते, ऑल म्हटलं की पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत शून्य.

आणि मग हे. किती टक्के झालं काही दाखवत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला दीड-दोन तास सहज. मध्ये लाइट गेली तर घाबरू नका, पुन्हा पहिल्यापासून चालू करायचं, बिघडत काही नाही.

कुणीतरी सांगेल पस्तीस वेळा पुसावं लागतं. तो आकडा पीटर गुटमन ह्या संगणक सुरक्षेच्या संशोधकांच्या १९९६ च्या पेपरातला, तेव्हाच्या वेगवेगळ्या डिस्क धरून काढलेला, आणि आजच्या डिस्कवर त्याला अर्थ नाही हे त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. व्हायरस घालवायला एक फेरी भरपूर.

(दृश्य: पुन्हा काळी स्क्रीन)

हा तोच पहिला सेक्टर, पुसल्यानंतर. शून्यांची एक ओळ, खाली एक चांदणी, म्हणजे पुढे सगळं हेच, आणि शेवटी २०० हा आकडा, तो हेक्समधला, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेला, आपल्या मोजणीत ५१२. ५५ एए गेलं. सेटअपमध्ये परत आलं की अख्खी डिस्क रिकामी दिसते, सी नाही, डी नाही.

एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, असेल तर क्लीन ऑलच्या नादाला लागू नका, त्यात कंट्रोलर लिहायची जागा स्वतः फिरवत असतो, म्हणून काही जागा पुसायच्या राहू शकतात, कंपनीचं टूल किंवा बायोसमधलं (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधलं) सिक्युअर इरेज वापरा. २०१८ मध्ये सापडलेल्या लोजॅक्ससारखा मदरबोर्डच्या चिपमध्ये बसणारा व्हायरस असेल तर डिस्क पुसून उपयोग नाही, पण तसला क्वचितच. बाकी मंडळाचे ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले, पेन ड्राइव्ह ज्यांच्याकडे फिरला त्यांना फोन केले, आणि दोन जुन्या प्रयोगांचे फोटो मिळाले नाहीत.