पर्पल मार्टिनच्या घराला रहाट

नमस्कार मंडळी. दिवाळीत आपण आकाशकंदील कसा चढवायचो आठवतंय ना, बांबूच्या टोकाला कप्पी, त्यातून दोरी, बल्ब गेला की कंदील खाली घ्यायचा, बदलायचा आणि परत सरसर वर. आज मी जे सांगणार आहे ते त्याहून फार वेगळं नाहीये, फक्त दोरीच्या टोकाला बारा घरटी आहेत आणि त्यात पिल्लं आहेत, त्यामुळे दोरी हातातून सुटून चालत नाही.

पर्पल मार्टिन म्हणजे आपल्या पाकोळीची थोरली बहीण समजा, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्वॉलो. हिवाळ्यात हे पक्षी ब्राझीलकडे असतात आणि आमच्या ह्यूस्टनकडे पहिले पक्षी जानेवारी संपता संपता, फेब्रुवारीत येतात. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला ते आता जवळजवळ फक्त माणसाने टांगलेल्या घरातच अंडी घालतात. इथल्या मूळ रहिवाशांनी फार पूर्वी वाळलेले तुंबे पोखरून टांगायला सुरुवात केली, आपल्याकडे एकतारीला लावतात ना, त्याच जातीचे तुंबे. आता प्लास्टिकचे मिळतात. पण मुद्दा हा की आपण टांगलं नाही तर त्यांना जागाच नाही, आणि टांगून विसरलो तर त्याहून वाईट.

वाईट का, ते सांगतो. चिमणी. हो, आपली चिऊताई. पुण्यात गॅलरीत चिमण्यांसाठी आम्ही खोकं लावलं होतं, ती आली की घरात आनंद व्हायचा, आणि इथे मीच तिचं घरटं काढून टाकतो. जड जातं, अजूनही जातं. पण ही चिमणी इथली नाही, १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडली, साळुंकीच्या कुळातला स्टार्लिंग १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडला, आणि हे दोघं मार्टिनच्या घरात घुसून अंडी फोडतात, पिल्लं मारतात. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने मार्टिनला संरक्षण आहे, या दोघांना नाही. स्टार्लिंगसाठी गोल भोकाऐवजी चंद्रकोरीच्या आकाराचं दार ठेवायचं, उंची साधारण ३ सेंटिमीटर, मार्टिन सरपटत आत जाते, स्टार्लिंग अडकतो. चिमणीला मात्र दार अडवत नाही, तिथे दर आठवड्याला घर खाली घेऊन उघडून बघणं हाच उपाय.

आणि १५ फुटांवरचं घर दर आठवड्याला बघायचं म्हणजे शिडी. पहिल्या वर्षी मी शिडी वापरली. एप्रिलमध्ये दोनदा चढलो, मे महिन्यात एकदा, मग पाऊस, मग ऑफिस, आणि जूनमध्ये बघितलं तेव्हा तीन घरांत चिमण्यांचं गवत भरलेलं आणि त्याखाली फुटलेली अंडी. तेव्हा ठरवलं की जे काम दोन मिनिटांत होईल तेच माझ्याकडून होणार, म्हणून विंच, म्हणजे हँडल फिरवून केबल गुंडाळायचा छोटा रहाट. तिरका करून आडवा पाडायचे पोल मिळतात पण ते नको, अंडी घरंगळतात. घर सरळ खाली आलं पाहिजे, सरळ वर गेलं पाहिजे.

पोल चौकोनी घ्या, ३ इंची. गोल पाइपवर घर फिरतं, आणि मार्टिन आपलं दार जागेवरून ओळखते, घर वर जाताना पाव फेरा जरी फिरलं तरी ती शेजारणीच्या दारात जाऊन धडकते आणि भांडणं सुरू. चौकोनी पोलवर घरं टांगलेली चौकोनी चौकट सरकते, फिरायचा प्रश्नच नाही, चौकटीच्या आतल्या बाजूने प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या की धातू धातूवर घासत नाही. वर कप्पी, कप्पीच्या खाली एक आडवा बोल्ट, म्हणजे जोरात फिरवलं तरी चौकट कप्पीत घुसणार नाही. पोल उघड्यावर हवा, झाडांपासून ४०-५० फूट लांब आणि आपल्या राहत्या घराच्या जवळ, माणसाच्या वावराला ते भीत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं.

केबल ⅛ इंची गॅल्व्हनाइज्ड, सात वेण्या आणि प्रत्येकीत १९ तारा, ती कप्पीवर नीट वळते. तुटायची ताकद सुमारे २००० पौंड, वर चढवायचं सगळं वजन साठ पौंडसुद्धा नाही. एवढी कशाला असं वाटेल. मलाही वाटलं होतं. मी केबल पोलच्या आतून घेतली होती, कारण बाहेर लोंबती केबल म्हणजे सापाला शिडी, इथले रॅट स्नेक पोल चढतात. विंचजवळ केबल आत जायला नुसतं ड्रिलने भोक पाडलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात घर खाली घेताना केबलवरून हात फिरवला आणि बोटाला तार टोचली, वाकून बघितलं तर भोकाच्या धारेवर घासून एका वेणीतल्या बऱ्याचशा तारा तुटून कुसळासारख्या बाहेर आलेल्या, आणि वर बारा घरांत पिल्लं. आता तिथे खाली पण छोटी कप्पी बसवलीय. केबल कुठेही धारेवर वळता कामा नये, एवढं एक तरी लिहून घ्या.

केबलचं टोक वळवून फास करायचा, तो आवळायला क्लिप दोन, आणि क्लिपची खोबण वजन ओढणाऱ्या बाजूवर, यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर. उलटं लावलं तर बोल्ट नेमका कामाच्या बाजूलाच चेपतो. वजन टाकल्यावर नट परत आवळा.

विंच बोटीच्या ट्रेलरवर असते तशी हाताने फिरवायची. नुसत्या खटक्याची स्वस्त मिळते, पण खाली सोडताना खटका उचलावा लागतो, आणि हँडल निसटलं की ते गरागरा फिरतं, मनगट मोडू शकतं आणि घर दणकन खाली येतं. ब्रेकवाली घ्या, हँडल सोडलं तरी जिथल्या तिथे थांबते. फक्त एक बघा, काही ब्रेकवाल्यांवर किमान वजन लिहिलेलं असतं, त्याहून हलक्या ओझ्याला ब्रेक नीट धरत नाही, आणि आपलं ओझं हलकंच असतं. म्हणून मी शेवटी वर्म गिअरची लावली, म्हणजे स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो ती, हळू चालते, पण वजनाने उलटी फिरत नाही.

फेब्रुवारी २०२१ ची थंडी तुम्हा सगळ्यांना आठवते, लाईट नाही, पाणी नाही. मार्टिन फक्त उडते किडे खातात, गारठ्यात किडे उडत नाहीत, तीन-चार दिवसांत ते उपाशी मरतात. टेक्ससमध्ये त्या आठवड्यात लवकर आलेले पुष्कळ मेले. मी घर खाली घेतलं, एका तुंब्यात चार जण एकमेकांना चिकटून बसलेले, दोन गार पडले होते. दोन जिवंत होते. ऊन आल्यावर गॅसवर केलेली अंड्याची भुर्जी चमच्याने हवेत उडवली, काही लोक असं करतात हे वाचलं होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यातल्या एकाने ती झेलली.

आता मे महिन्यात येऊन बघा. घर खाली असतं तेव्हा मादी चोचीत हिरवं पान धरून तारेवर बसून राहते, ओरडत नाही. मी सात नंबरचं दार लावतो, हँडल फिरवतो, चौकट वरच्या बोल्टला टेकल्याचा टक आवाज येतो, आणि ती सरळ सातमध्ये शिरते.