खाऱ्या टाकीसाठी गोडं पाणी

[दृश्य: दादर चौपाटीची भरती. मग एका फ्लॅटमधली प्रवाळांची टाकी.]

समुद्र खिडकीतून दिसतो, तरी टाकीत पाणी घालायचं ते नळाचंच. किनाऱ्यालगतच्या पाण्यात नाले मिसळतात आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. म्हणून नळाचं पाणी आधी कोरं, म्हणजे क्षारमुक्त करायचं, मग त्यात लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम मरीन सॉल्ट विरघळवायचं.

मुंबईच्या नळांना येणारं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी तसं जड नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने समजा ८० दाखवले, म्हणजे लिटरमागे ८० मिलीग्रॅम. प्यायला उत्तम! पण २०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडून गेलं, तर वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. तूट नळाने भरत राहिलात की महिन्याला जवळपास ५ ग्रॅम क्षार आत साठतात. त्यात सिलिकेट असतं, नायट्रेट असतं, कधी पाइपातलं तांबंही. कोळंबी आणि प्रवाळांना तांबं सोसत नाही.

स्वयंपाकघरातला आरओ चालेल का? बहुतेक वेळा नाही. त्यातला टीडीएस अ‍ॅडजस्टर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो आणि मिनरल कार्ट्रिज चवीसाठी क्षार घालते. काढलेलंच पुन्हा आत!

[दृश्य: फिल्टरची जोडणी, जवळून.]

चार टप्पे पुरतात: गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा स्पन, क्लोरीन काढणारा कार्बन ब्लॉक, ७५ जीपीडी (दिवसाला ७५ गॅलन) आरओ मेंब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन. सहा-सात टप्प्यांचा झगमगाट दुकानात शोभतो. कार्बनवर मात्र काटकसर नको, कारण क्लोरीन मेंब्रेन खातं. मेंब्रेनने टाकून दिलेलं पाणी वेस्ट नळीतून येतं, त्यात क्लोरीन टेस्टचे थेंब टाका. पिवळी छटा आली तर कार्बन संपला.

मुंबईत खरी अडचण प्रेशरची. मेंब्रेनला ६० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास लागतं. सात मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर गच्चीच्या टाकीतून मिळतात जेमतेम १५. मग तासाला ११-१२ लिटरऐवजी तीनेक लिटर पाणी मिळतं, तेही कमी शुद्ध. लोक मेंब्रेन बदलत बसतात. हवा असतो २४ व्होल्टचा बूस्टर पंप.

शुद्ध पाण्याच्या एका लिटरमागे तीनेक लिटर वेस्ट जातं. ८० टीडीएसचं पाणी आत गेलं तर वेस्ट निघतं १०५ च्या आसपास. ते बादलीत धरा. लादी पुसायला, कपडे भिजवायला चालतं.

पंप बंद असताना मेंब्रेनच्या स्वच्छ बाजूला क्षार झिरपतात, म्हणून सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस चढलेला असतो. ते रेझिनमध्ये जाऊ देऊ नका, पहिली दोन मिनिटं बाहेर सोडा. थोडं थोडं काढण्यापेक्षा एकदम २० लिटर काढून फूड-ग्रेड ड्रममध्ये ठेवा. रेझिनचा डबा उभाच लावा, पाणी खालून वर न्या. आडवा ठेवला की पाणी रेझिनला चुकवून कडेने निघून जातं.

[दृश्य: मीटरवर ०००. शेजारी काचेवर तपकिरी थर.]

मीटर शून्य दाखवतोय आणि काचेवर तपकिरी थर धरतोय? रेझिन संपत आलं की सर्वात आधी सुटतं ते सिलिकेट, आणि ते मीटरला कळत नाही. हा तपकिरी थर त्यावरच वाढतो. नव्या टाकीत असा थर येतोच; टाकी नवी नसेल, तर आकडा चढायची वाट न बघता रेझिन बदला.