डब्यात पितळ सापडलं, पुढे काय? | कामावरची चोरी, चौकशी आणि शिक्षा

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ दोन्ही बाजूंचे लोक बघणार आहेत, मला माहीत आहे. वागळे इस्टेटमध्ये, रबाळ्यात, महापेत युनिट चालवणारे आहेत आणि त्याच युनिटमध्ये हेल्पर, पॅकिंग, स्टोअरला असणारेही आहेत. बघा दोघांनी. समोरच्याला काय माहीत आहे ते आपल्यालाही माहीत असलेलं बरं.

एक प्रसंग धरून चालू. पितळी फिटिंग्ज बनवणारा कारखाना. सेकंड शिफ्ट सुटली, गेटवर चेकिंग सुरू आहे. एका हेल्परच्या डब्याच्या खालच्या पुडात, पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळलेले पितळेचे तुकडे सापडले. किलोभर असतील. भंगारात काही शे रुपये.

आता पुढचे दोन तास नीट बघा, कारण बहुतेक केसेस याच दोन तासांत बिघडतात. माणसाला केबिनमध्ये बसवतात. मोबाइल काढून घेतात. सिक्युरिटीवाला दारात उभा. मग एचआरचे साहेब एक कोरा कागद काढतात आणि स्वतःच लिहायला लागतात. "मी खाली सही करणार, माझ्या स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की..." खाली तीन गोष्टी असतात: चोरी केली, आधीही करत होतो, आणि आजच्या तारखेपासून राजीनामा देत आहे. अक्षर साहेबांचं, भाषा साहेबांची. हेल्परची त्यात फक्त सही, तीही थरथरत्या हाताची. "काका, सही करा आणि मोकळे व्हा. पोलिसात देत नाही."

मालक म्हणतो, चला, मिटलं. काही मिटलेलं नसतं.

तो माणूस चार दिवसांनी युनियनकडे किंवा वकिलाकडे जातो. प्रकरण कामगार न्यायालयात उभं राहतं आणि पहिला प्रश्न येतो: स्वखुशीने लिहिलं तर अक्षर दुसऱ्याचं कसं? मोबाइल कोणाकडे होता? किती वाजता आत नेलं, किती वाजता सोडलं? माणसाला कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, आणि तो करणाऱ्याने चोराला पकडलं होतं म्हणून माफ होत नाही. कागद संशयात जातो आणि बऱ्याचदा मालकाकडे त्या कागदाशिवाय दुसरं काही नसतं. पितळ? ते त्याच रात्री परत मशीनजवळच्या ड्रममध्ये टाकलेलं असतं!

मग करायचं काय होतं? माल तिथेच, गेटवर, वजनकाट्यावर ठेवायचा. फोटो काढायचे, डब्यासकट. पिशवीत घालून सील करायचं, सीलवर सह्या घ्यायच्या. साक्षीदार दोन, आणि त्यातला एक तरी सिक्युरिटीबाहेरचा. गेट रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. झडती घ्यायची असेल तर बाईची झडती बाईनेच, आडोशाला घ्यायची. त्या माणसाला विचारायचं, तुला काही लिहून द्यायचंय का? द्यायचं असेल तर त्याने त्याच्या हाताने, त्याच्या भाषेत लिहावं. नसेल द्यायचं तर नको. मग त्याला घरी जाऊ द्यायचं. सगळं अर्ध्या तासात होतं, कुणालाही केबिनमध्ये न बसवता.

दुसऱ्या दिवशी सस्पेन्शनचं पत्र, मग चार्जशीट, म्हणजे कंपनीने दिलेलं आरोपपत्र, पोलिसांचं नव्हे. चार्जशीटमध्ये तारीख, वेळ, जागा, माल आणि वजन असावं. "कंपनीच्या मालाची अफरातफर केली" एवढ्या मोघम वाक्याला माणूस उत्तर काय देणार?

(स्क्रीनवर: 5 पैसे आणि 360 रुपये 95 पैसे)

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न. एवढ्याशा मालासाठी नोकरी घालवायची? इथे मी कामगार मित्रांना गोड काही सांगणार नाही. कोर्ट रक्कम बघत नाही. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टात कर्नाटकातल्या एका एसटी कंडक्टरचं प्रकरण होतं, घोळ 360 रुपये 95 पैशांचा. बडतर्फी कायम राहिली. कोर्टाचं म्हणणं असं की रक्कम छोटी की मोठी हा मुद्दाच नाही, विश्वास गेला हा मुद्दा आहे. आपल्या ठाण्याच्या टीएमटी आणि नवी मुंबईच्या एनएमएमटी बससेवेत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजू दिल्लीची. 1973 मध्ये तिथल्या एका बस कंडक्टरवर आरोप झाला की एका बाईकडून 15 पैसे घेतले आणि तिकीट 10 पैशांचं दिलं. 5 पैसे! 1976 मध्ये नोकरी गेली. 1990 मध्ये कामगार न्यायालय म्हणालं, काढणं बेकायदा होतं. महामंडळ हायकोर्टात गेलं, 2008 मध्ये तिथेही हरलं. त्यानंतरही वाद चालूच राहिला. 5 पैशांपायी त्या माणसाचं अख्खं आयुष्य तारखांमध्ये गेलं आणि महामंडळाने वकिलांवर किती घालवले ते सोडूनच द्या.

म्हणजे छोट्या चोरीला मोठी शिक्षा कायद्यात बसते. पण चोरी झाली, हे आधी ठरायला हवं, आणि ते ठरवण्याची एक रीत आहे. माझं म्हणणं एवढंच की सगळा न्याय त्या रीतीतच आहे. शिक्षेच्या आकड्यावर भांडणारे पुष्कळ भेटतात, चौकशी कशी झाली हे विचारणारे कमी.

चौकशीत काय हवं? ज्याने पकडलं तोच चौकशी अधिकारी नको. ज्या कागदांवर आरोप आहे त्यांच्या प्रती कामगाराला मिळाल्या पाहिजेत. सिक्युरिटीवाल्याला उलट प्रश्न विचारायची संधी हवी. सोबत एखादा सहकारी बसू द्यावा. आणि चौकशीचा अहवाल हातात देऊन, त्यावर त्याचं म्हणणं घेऊन मगच हुकूम काढायचा. हे 1993 पासून सुप्रीम कोर्टाने पक्कं करून ठेवलंय. तरी आजही अहवाल आणि बडतर्फीचं पत्र एकाच पाकिटात पाठवणारे लोक आहेत.

एक गोष्ट मालकांच्या बाजूची. चौकशीला फौजदारी कोर्टाइतका पुरावा लागत नाही. तिथे संशयापलीकडे सिद्ध व्हावं लागतं, इथे जास्त शक्यता कशाची एवढं बघतात. पोलीस केस आणि चौकशी दोन्ही बरोबर चालू शकतात. नोकराने मालकाच्या ताब्यातला माल चोरला तर न्याय संहितेत 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि चौकशी सदोष ठरली तरी मालक कोर्टात नव्याने पुरावा देऊ शकतो. पण देणार काय? पितळ तर वितळून पुन्हा फिटिंग झालेलं असतं.

आता सस्पेन्शन. या काळात पगार बंद, असा मोठा गैरसमज आहे. निर्वाह भत्ता द्यावाच लागतो, पहिले 90 दिवस निम्मा पगार, आणि उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर पुढे 75 टक्के. 1982 पासून हा नियम आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे, आणि तिथे चौकशी साधारण 90 दिवसांत संपवा असंही म्हटलंय. संहितेतलं हे स्थायी आदेशांचं, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांचं प्रकरण 300 आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतं. पण छोट्या युनिटवाल्यांनी लगेच सुटकेचा श्वास टाकू नये. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, हे डोकी मोजून ठरत नाही.

भत्ता दिला नाही तर काय होतं? कोलारच्या सोन्याच्या खाणींचं प्रकरण बघा. तिथल्या सिक्युरिटी ऑफिसरच्या घरी 1985 मध्ये छापा पडला, सोनं सापडलं असं म्हणून सस्पेंड केलं. निर्वाह भत्ता दिलाच नाही. माणूस आजारी, गावी केरळात, प्रवासाला पैसे नाहीत. त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकून काढून टाकलं. पुढे फौजदारी कोर्टात छापाच सिद्ध झाला नाही, तो सुटला. 1999 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला थकलेल्या पगारासकट परत घ्यायला लावलं. भत्ता वाचवायला गेले आणि सगळ्या वर्षांचा पगार भरून बसले.

पगारातून कापण्याचं तर विचारूच नका. मॉलमधली दुकानं, मेडिकल, गोडाऊन, सगळीकडे एकच पद्धत. महिन्याच्या शेवटी स्टॉक कमी लागला की पूर्ण स्टाफच्या पगारातून वाटून कापतात. कायदा असं म्हणत नाही. जो माल एखाद्याच्या ताब्यात दिला होता आणि त्याच्याच हलगर्जीने गेला, तेवढाच त्याच्याकडून वसूल होऊ शकतो, तोही त्याचं म्हणणं ऐकल्यावर. रजेवर असलेल्या मुलीच्या पगारातून शॉर्टेज कापणं ही माझ्या मते मालकाने केलेली चोरीच आहे. शब्द कडक वाटला तर वाटू द्या.

आणि आता तो विषय, ज्यावर कॅन्टीनमध्ये सगळे बोलतात आणि मीटिंगमध्ये कुणी नाही. हेल्परचा डबा रोज उघडतो. साहेबांची डिकी उघडते का? खोटी टॅक्सीची बिलं, सप्लायरकडून घेतलेली टक्केवारी, घरच्या फ्लॅटसाठी कंपनीच्या खात्यावर मागवलेला रंग. सापडलं तर साहेबांना "वैयक्तिक कारणास्तव" राजीनामा, वर अनुभवाचा दाखला. हेल्परला गेटवर फोटोसकट नोटीस. एकाच प्रकारच्या गैरवर्तनाला दोन मापं लावली तर शिक्षा टिकत नाही, हे 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात सांगितलंय. त्याच प्रकरणात ज्याच्यावर जास्त गंभीर आरोप होता तो हलक्या शिक्षेवर सुटला होता आणि हा शिपाई बडतर्फ झाला होता. कामगार मित्रहो, तुमच्या आधी अशाच गोष्टीत कोणाला ताकीद देऊन सोडलं असेल तर ती माहिती लेखी उत्तरात घाला. चौकशीत तोंडी बोलून उपयोग नाही.

शेवटी तारखांचं. महाराष्ट्रात 1971 चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा आहे. खोट्या कारणावरून, अवाजवी घाईने किंवा किरकोळ गोष्टीला धक्कादायक शिक्षा देऊन काढलं तर त्याखाली तक्रार करता येते. मुदत 90 दिवस. ठाण्यातल्या कामगार न्यायालयात जायचं असेल तर सणवार बघत बसू नका. दबावाखाली राजीनामा लिहून दिला असेल तर दुसऱ्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने कळवा की तो मागे घेतोय आणि का. पोस्टाची पावती जपून ठेवा, व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉटही चालेल, पण पावती आधी.

ग्रॅच्युइटी जप्त होते का, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी 2025 चा निकाल त्यावरच आहे. तो पुढच्या व्हिडिओत.