बाई, यात मित्र कुठाय?

श्रोतेहो, नमस्कार. आज किशोरांच्या कादंबऱ्यांविषयी बोलणार आहे. त्यातही एका विशिष्ट मैत्रीच्या कादंबऱ्या. दोन मित्र असतात, त्यातला एक गे, म्हणजे समलिंगी, आणि दुसरा नाही. दोघांत प्रेमबीम काही नाही, नुसती मैत्री. अशी गोष्ट वाचताना मी एकच बघते. मित्र शेवटच्या पानापर्यंत टिकतो का?

अमेरिकेत १९६९ साली जॉन डोनोव्हन यांनी डेव्ही नावाच्या तेरा वर्षांच्या मुलावर कादंबरी लिहिली. डेव्हीची वर्गातल्या एका मुलाशी जवळीक होते. पुढं त्याचा लाडका कुत्रा गाडीखाली जातो, आणि डेव्हीला वाटतं, हे आपल्यामुळंच झालं. किशोरांच्या कादंबरीत हा विषय आला तो असा, अपराधाचं ओझं घेऊन. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०१० साली, जॉन ग्रीन आणि डेव्हिड लेव्हिथन यांनी मिळून एक कादंबरी लिहिली. एक प्रकरण याचं, एक त्याचं. तिच्यात टायनी कूपर नावाचा फुटबॉल खेळणारा आडदांड मुलगा आहे, तो गे आहे. त्याचा मित्र विल गे नाही. टायनीची बाजू घेऊन विलनं शाळेच्या वृत्तपत्राला पत्र लिहिलेलं असतं आणि खाली स्वतःच्या नावानं सही केलेली असते. त्या सहीपायी त्याचे बाकीचे मित्र तुटतात. ही सही लक्षात ठेवा श्रोतेहो, स्वतःच्या नावाची सही.

आता आपल्या सोलापुरात येऊ.

पूर्व भागातल्या एका लहान वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलाशी बसते. खिडकीतून दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट येतो. दर शनिवारी दुपारी अकरावीतली दोन मुलं यायची. नावं सांगणार नाही, गल्लीही सांगणार नाही. दोघांना विचारूनच ही हकिगत सांगतेय. एकाला आपण पुस्तकवाला म्हणू, दुसऱ्याला सायकलवाला. पुस्तकवाला आला की थेट कपाटांत शिरायचा. सायकलवाला पायरीवर बसून पेपरातलं खेळाचं पान वाचायचा. मग मागच्या वऱ्हांड्यात दोघं एकाच डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचे. चटणी कुटलेली, मिक्सरमधली नाही. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा नुसता भुगा होतो, कुटल्याशिवाय तेल सुटत नाही आणि तेल सुटल्याशिवाय ती सोलापूरची चटणी नाही, हे माझं ठाम मत आहे. असो.

एका शनिवारी सायकलवाला टेबलापाशी आला. कधी पुस्तकाला हात न लावणारा मुलगा, आणि हातात कादंबरी. एका गे मुलाची गोष्ट, मराठीतली. म्हणाला, "बाई, माझं कार्ड काढा आन् हे माझ्या नावावर लावा." खिशातून नोटा काढून त्यानं अनामत भरली. मी विचारलं, "तू वाचणार?" तो खालच्या आवाजात म्हणाला, "ह्याच्या कार्डावर नको बाई. ह्याचा भाऊ पण त्याच कार्डावर पुस्तकं नेतो." पुस्तकवाला कपाटाआड पाठ करून उभा होता.

मी दाखल क्रमांक लिहिला, नाव लिहिलं. सायकलवाल्यानं सही केली.

आमची नोंदवही तेव्हा टेबलावर उघडीच असायची. कोणीतरी ते पान पाहिलं. पुढच्या शनिवारी सायकलवाल्याचं कोपर सोललेलं होतं. चौकात पोरांनी विचारलं होतं, "तू पण तसलाच का बे?" त्यानं काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून नोंदवही मी ड्रॉवरमध्ये ठेवते, आणि प्रत्येक वाचनालयानं ती अशीच ठेवावी. कोण काय वाचतं हे चारचौघांत उघडं राहू नये.

पण तो चिडला होता तो कोपरावरून नाही. पुस्तकवाल्याचं वाचून झाल्यावर त्यानं ती कादंबरी स्वतः वाचली होती. टेबलावर आपटली आणि म्हणाला, "बाई, यात मित्र कुठाय? ह्या पोराला आई हाय, बाप हाय, डॉक्टर हाय. मित्र एक पण नाही. असं कसं? आमच्यात मी हाय की!"

आमच्यात मी हाय की. श्रोतेहो, इतकी वर्षं पुस्तकं हाताळतेय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मी त्याला विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' दिलं. १९८१ सालचं नाटक. त्यात मित्रा हे एका मुलीचं नाव आहे. तिचं दुसऱ्या एका मुलीवर प्रेम आहे, आणि तिचा दोस्त बापू आपल्याला तिची गोष्ट सांगतो. मराठी रंगभूमीवर हे तेव्हा आलं होतं, याचा मला अभिमान आहे. दोन दिवसांत सायकलवाला परत. "बापू चांगला हाय बाई. पण ती मरते की. न मरणारं द्या."

न मरणारं. मी सगळा कुमार विभाग उपसला. साहसकथा, विज्ञानकथा, चरित्रं. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून बाहेर काढले, त्यालाही वर्षं झाली. तरी आमच्या कपाटात सायकलवाल्याला देण्याजोगं एक पुस्तक निघालं नाही. वाचनालयांच्या आता अभ्यासिका झाल्यात, स्पर्धा परीक्षांच्या गाईडांना जागा आहे, गोष्टींना नाही, हेही एक दुखणं. पण ते पुन्हा कधीतरी.

मी म्हटलं, "नाही रे आपल्याकडं." तो म्हणाला, "मग मी लिवतो."

दोनशे पानी वही आणली. गोष्ट गड्ड्याच्या जत्रेत सुरू होते. दोघं मित्र मोठ्या पाळण्यात बसतात, पाळणा वर जाऊन अडकतो. खाली सगळी जत्रा, लांबवर सिद्धेश्वराच्या तळ्यातले दिवे. तिथं एक जण दुसऱ्याला स्वतःबद्दल सांगतो. दुसरा थोडा वेळ गप्प बसतो, मग विचारतो, "घरी कुणाला म्हाईत हाय का?" तो नाही म्हणतो. "बरं. खाली गेल्यावर भजी खाऊ." आणि पाळणा फिरायला लागतो.

अकरा पानं झाली आणि गाडी अडली. मला म्हणाला, "बाई, सांगितल्यावर त्याला आतून कसं वाटलं आसंल ते मला लिवता येईना." मी म्हटलं, "मग मला कशाला विचारतोस?"

गेल्या शनिवारी वही माझ्या टेबलावर आली. बाराव्या पानापासून अक्षर वेगळं आहे.

नमस्कार.