आइसलँडला कधी जायचं? पारा नका विचारू

नमस्कार मंडळी! आम्ही आइसलँडला जाऊन आलो हे कळल्यापासून पोह्यांच्या ठेल्यावर जो भेटतो तो एकच विचारतो, भिया, तिकडे थंडी किती असते? आता आपण पडलो इंदूरवाले, मे महिन्यात चाळीसच्या वर भाजून निघतो आणि जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की मफलर बाहेर काढतो, म्हणजे आपला सीझन पाराच ठरवतो. तिथे हा हिशेब चालत नाही. राजधानी रेक्याविकमध्ये जानेवारीत सरासरी शून्याच्या आसपास आणि जुलैत साधारण ११-१२ डिग्री, बस्स, ऐन उन्हाळा म्हणजे आपली जानेवारीतली पहाट. मग बदलतं काय? तर उजेड.

२१ जूनच्या सुमाराला सूर्य रात्री बारानंतर मावळतो आणि तीनच्या आत पुन्हा हजर, पुरता अंधार असा होतच नाही. आणि डिसेंबरात सव्वाअकरानंतर उगवतो, साडेतीनला गुडूप! चार तासांत धबधबे काय बघणार नि गाडी काय चालवणार.

गंमत म्हणजे त्यांच्या जुन्या पंचांगात ऋतू दोनच, उन्हाळा आणि हिवाळा. उन्हाळ्याचा पहिला दिवस एप्रिलमध्ये, १८ तारखेनंतरच्या पहिल्या गुरुवारी, त्याची सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी बर्फसुद्धा पडू शकतो.

असं का, तर उत्तरेची गार हवा आणि अटलांटिकवरची ऊबदार दमट हवा तिथेच भिडतात, कमी दाबाची वादळं एकामागून एक येत राहतात. पाऊस म्हणाल तर इंदूरला वर्षाला साधारण ९००-१००० मिलिमीटर होतो पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, रेक्याविकला त्याहून थोडा कमीच, पण बारा महिने शिंपडत असतो. म्हणून पाऊस टाळायचा महिना शोधू नका, तो नाहीच. छत्रीसुद्धा नेऊ नका. मी नेली होती, स्कोगाफॉस धबधब्यापाशी उघडली आणि पाच सेकंदांत तिचा कटोरा झाला, बायको हसून हसून खाली बसली.

खरा धाक वाऱ्याचा. वीक गावाजवळ गाडी थांबवली, मी आपलं इथल्यासारखं एका हाताने दार उघडलं आणि ते हातातून सुटून कडकन मागे वाकलं, परत नीट लागेचना. भाड्याच्या गाडीवाल्यांनी शांतपणे सांगितलं, वाऱ्याने वाकलेलं दार विम्यात बसत नाही. किती भरले ते रेडिओवर सांगत नाही. तेव्हा दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं आणि गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची.

तर माझ्या मते आपल्यासाठी मे चा दुसरा पंधरवडा ते जूनची सुरुवात. मुलांना सुट्टी असते, दिवस अठरा-वीस तासांचा, पफिन पक्षी कड्यांवर आलेले असतात, बर्फ वितळून धबधबे भरलेले, आणि जुलै-ऑगस्टची गर्दी नि तेव्हाचे हॉटेलचे भाव अजून सुरू व्हायचे असतात. कमी काय, तर मधल्या डोंगराळ भागाचे कच्चे रस्ते तेव्हा बहुतेक बंदच असतात, आणि नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्री आकाशात नाचणारे ते हिरवे प्रकाश, दिसणार नाहीत, त्याला अंधार लागतो. त्यांचाच हट्ट असेल तर सप्टेंबर घ्या, दिवस-रात्र जवळपास सारखे असतात. दिवाळीची सुट्टी मला तरी नको वाटते, दिवस भराभर आखडतो आणि वादळं वाढतात. आणि हो, किनाऱ्याने फिरणारा रिंग रोड १३०० किलोमीटरच्या वर आहे, पूर्ण करायचा तर दहा दिवस हाताशी ठेवा, एखादा दिवस वाऱ्यामुळे खोलीत बसण्यात जाणारच.

झोपेचं तेवढं बघा. रात्री साडेअकराला बाहेर लख्ख, मुलगा म्हणे बाबा चला ना, काहीतरी खाऊन येऊ. निघालो, तर गावातली सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपल्याकडे इंदूरला अंधार पडल्यावर सराफ्यातला खाऊबाजार जागा होतो आणि इथे भर उजेडात कुलपं! मग गाडीतच बसून घरून आणलेलं शेवेचं पाकीट फोडलं, चौघांनी संपवलं, तेवढ्यात ऊन असतानाच टपावर गारा वाजायला लागल्या.