नाव तेच, सर्व्हर नवा

(दृश्य: रावेर, पहाट. केळीचे घड ट्रकमध्ये चढताहेत.)

ट्रकच्या तळाशी केळीच्याच पानांची गादी, तिच्यावर घडांचे थर. गाडी सुटायच्या आत जो तो मोबाइलवर बघतो तो आजचा भाव.

(दृश्य: छोटं ऑफिस, टेबलावर एकच संगणक.)

भावाची वेबसाइट इथून चालते. आज तिचा सर्व्हर, म्हणजे ती ज्या यंत्रावर ठेवली आहे ते, बदलतोय. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, शेतकरी गटाच्या स्वतःच्या नावावर; नोंदी बदलायच्या पॅनेलचा पासवर्ड याच कपाटातल्या वहीत. म्हणून हे काम या टेबलावर होऊ शकतं; कुणाच्या फोनची वाट बघावी लागत नाही.

नावावरून सर्व्हरचा क्रमांक शोधून देते ती व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती येण्याआधी इंटरनेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि क्रमांक एकाच फाइलीत असत, आणि ती फाइल कॅलिफोर्नियातली एक संशोधन संस्था सांभाळायची. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. आपल्या नावाखालच्या नोंदी ज्याच्या त्याने ठेवायच्या. रावेरच्या या टेबलाला तो हक्क त्या रचनेतूनच मिळाला.

(दृश्य: पडदा जवळून. कर्सर टीटीएलच्या रकान्यात.)

पहिलं काम कालच उरकलं. टीटीएल म्हणजे नोंद किती सेकंद साठवून ठेवायची तो आकडा. तो ८६४०० होता, म्हणजे जुना पत्ता इतरांच्या सर्व्हरवर २४ तास साठून राहणार. तो ३०० वर आणला आणि पूर्ण दिवस थांबलो. ही पायरी चुकली की लोकांना दिवसभर कालचाच भाव दिसतो.

नोंदी कुठे बदलायच्या? डोमेन जिथून घेतलं तिथेच, असं नाही. नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, ज्यांचे आहेत, त्यांच्या पॅनेलमध्ये. संगणकावर ‘एनएसलूकअप’ ही आज्ञा चालवून ते आधी बघून घ्या.

आता ए रेकॉर्ड, नावाला सर्व्हरचा क्रमांक (आयपी) जोडणारी नोंद. नावाच्या जागी ‘ॲट’चं चिन्ह, म्हणजे मूळ डोमेन, समोर नवा क्रमांक: २०३.०.११३.२५. पडद्यावरचा हा क्रमांक नमुन्याचा आहे, हा पट्टा उदाहरणांसाठीच राखलेला असतो. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ला सीनेम, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद, समोर मूळ डोमेनचं नाव. सीनेममध्ये आयपी टाकायचा नाही, आणि मूळ डोमेनलाच सीनेम लावायचा नाही. तिथे नेमसर्व्हरच्या नोंदी असतात, सीनेम दुसऱ्या नोंदींशेजारी चालत नाही.

(दृश्य: बोट एका ओळीवर थांबतं.)

ही ओळ बघा. चार वेळा ए: जुन्या सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता, म्हणजे नव्या, लांब पद्धतीचा क्रमांक. राहून गेला, तर ऑफिसात साइट नवी दिसेल आणि बागेत मोबाइलवर जुनी. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल, तर ओळ काढूनच टाका. एमएक्स नावाच्या नोंदीला हात लावू नका, ईमेल त्याच्यावर चालतं.

(दृश्य: ट्रकचालकाच्या हातात मोबाइल.)

८.८.८.८ला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला, विचारलं, नवा क्रमांक आला. टीटीएल आता ३६००वर वाढवला. जुना सर्व्हर अजून दोन दिवस चालूच ठेवायचा, कुणाकडे जुना पत्ता अडकलेला असू शकतो.